निसर्गसेवक हुमायून अब्दुलअली

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की लोंढ्याच्या आसपासची शेते एका रात्रीत पालटून जातात. दुपारपर्यंत तापलेली खाचरे सायंकाळी पाण्याने भरतात आणि अंधार पडताच बांधाबांधांवरून बेडकांचा असा काही गजर सुरू होतो की, स्थानकातून सुटणाऱ्या गाडीची शिटीही क्षणभर त्यात बुडून जावी. कालपर्यंत मातीच्या रंगाचे दिसणारे मोठे नर-बेडूक त्या एका पावसाने हळदीसारखे पिवळेधमक होतात. त्यांच्या गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगतात आणि आमच्या गावची लहान मुले त्यांना पाहण्यासाठी चिखल तुडवीत बांधावर धावतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या वर्गात सहज एक प्रश्न विचारला. आपल्या शाळेमागच्या शेतात असे बेडूक किती असतील? कोणी म्हणाले पुष्कळ, कोणी म्हणाले चिक्कार, एकाने तर आभाळातल्या चांदण्यांची उपमा दिली. आकडा मात्र एकाही विद्यार्थ्याला सांगता आला नाही, आणि खरे सांगायचे तर तो आम्हालाही ठाऊक नव्हता. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्या गृहस्थांचे अर्धे आयुष्य या पुष्कळ शब्दाशी झगडण्यात गेले. त्यांचे नाव हुमायून अब्दुलअली. पक्ष्यांच्या अभ्यासकांत व निसर्गप्रेमी मंडळींत हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. परंतु त्यांचे ज्येष्ठ आप्त डॉ. सालिम अली यांची कीर्ती घरोघर पोचली, तशी यांची पोचली नाही. निदान आमच्या वाचकांपुरती तरी ही उणीव भरून काढावी, असे आम्हास वाटते.

हुमायून यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपान देशातील कोबे या बंदरात झाला. मुंबईतील सुलेमानी बोहरा समाजाचे हे कुटुंब व्यापारी होते, आणि त्या काळी मुंबईचे व्यापारी ब्रह्मदेश, चीन, जपान असे दूरवर पेढ्या थाटीत असत. सालिम अली हे त्यांचे नात्याने भाऊ, वयाने अठरा वर्षांनी वडील. जहाजे, गोण्या, वजने आणि जमाखर्चाच्या वह्या यांच्या सान्निध्यात ज्याचे बालपण गेले, त्याने पुढे रानातल्या जिवांचाही जमाखर्च मागावा, यात आम्हास काही नवल वाटत नाही.

शिक्षणासाठी ते मुंबईस सेंट झेवियर्समध्ये होते. प्राणिशास्त्र हा विषय घेऊन १९३६ साली ते पदवीधर झाले आणि त्या विषयातील नारायण वासुदेव पारितोषिक त्यांना मिळाले. पदवीनंतर त्यांनी सरकारी चाकरी धरली नाही की महाविद्यालयात अध्यापकी पत्करली नाही. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील गजबजाटात घरचा व्यवसाय सांभाळावा, आणि उरलेला सारा वेळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेस द्यावा, असा त्यांचा क्रम आयुष्यभर चालला. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडून त्यांना कधी वेतन मिळाले नाही. ज्यांना शास्त्रज्ञ म्हणजे प्रयोगशाळेतील पांढऱ्या डगल्याचा माणूस एवढेच ठाऊक आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तरुणपणी त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. आज हे वाचून आमच्या काही विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु त्या पिढीतील बहुतेक निसर्गज्ञ बंदुकीच्या वाटेनेच रानात शिरले. शिकाऱ्याला पाणथळीवर बदके कधी उतरतात, टिंबे कोठे बसतात, मागच्या वर्षीपेक्षा यंदा पक्षी कमी आले की जास्त, हे अचूक ठाऊक असावे लागते. कमी झाले, ही जाणीव पुष्कळदा सर्वांत आधी त्यालाच होते. सालिम अलींच्या समवेत हुमायून यांनी मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांवर लिहिलेली लेखमाला १९३६ पासून संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

याच सुमारास ते आपल्या मुलखाच्या अगदी जवळ येऊन गेले. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून काही मैल आत, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्यास वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. त्यांतील एका बेटाच्या पोटात समुद्राने कोरलेली काळोखी गुहा असून तिच्या भिंतींवर पाकोळ्या घरटी करतात. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटे चिकटवते आणि तीच लाळ वाळून घट्ट होते. चीन देशात अशा घरट्यांचे सार श्रीमंतांच्या पंगतीचे भूषण मानले जाते, आणि त्यापायी आशियाच्या कितीतरी किनाऱ्यांवरून ही घरटी शतकानुशतके जहाजांत चढत आली आहेत. आपल्या कोकणपट्टीवरील घरटी खरवडली जात असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्राच्या पुस्तकांतूनही आढळते. हुमायून यांनी या खडकांवरील पाकोळ्या व सुरय पक्षी पाहिले आणि १९४० व १९४२ साली त्यांवर टिपणे लिहिली.

या घरट्यांच्या व्यापारातील मर्म थोडे समजून घ्यावे. अंडी घालण्यापूर्वी घरटे काढले, तर पाकोळी पुन्हा बांधते. पिल्ले उडून गेल्यावर काढले, तर कोणाचेच काही बिघडत नाही. परंतु अंडी किंवा पिल्ले फेकून देऊन घरटे ओरबाडले, तर त्या हंगामातील एक पिढीच समुद्रात जाते. व्यापाऱ्याच्या तागडीत तिन्ही घरट्यांचे वजन सारखेच भरते. बंदरावर बसून नुसती घरटी मोजणाराला गुहेत काय घडले ते कळणे शक्य नाही. त्यासाठी होडीत बसून, लाटांचे तडाखे सोसून, गुहेत जाऊन पाहणारा माणूस लागतो. पुढे एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याच बेटावर बांबूंचे सांगाडे उभारून घरटी चोरली जात असल्याचे उघडकीस आले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्याचा नेटाने पाठपुरावा केला आणि त्यानंतर या पाकोळीस कायद्याचे कडक संरक्षण मिळाले. साठ वर्षांपूर्वीची ती टिपणे कोणी लिहून ठेवली नसती, तर पूर्वी तेथे काय होते याचा दाखला शोधावा लागला असता.

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे अनेक इंग्रज सभासद मायदेशी परतले. वर्गणी घटली, पुढारी गेले, आणि संस्था टिकते की नाही अशी स्थिती आली. त्या कठीण काळात हुमायून यांनी मानद चिटणीसपदाची धुरा सुमारे दहा वर्षे वाहिली. पत्रव्यवहार, इमारतीची विवंचना, पैशाची ओढाताण, सरकारदरबारी खेटे अशी ती कामे होती. चरित्रग्रंथांतून या गोष्टींना फारशी जागा मिळत नाही, म्हणून आम्ही त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख करतो.

त्यांच्या त्या कारकिर्दीतील एका कामाचा संबंध मात्र थेट आमच्या गावाशी येतो. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा आराखडा घडविण्यात हुमायून यांचा मोठा वाटा होता. कोणता प्राणी केव्हा मारू नये, शिकारीचा परवाना कोणी व कसा घ्यावा, बंद हंगाम कोणता, याची शिस्त त्या कायद्याने लावली. त्या वेळी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यातील रानांना सर्वप्रथम लागू झालेल्या नव्या काळातील वन्यजीव-कायद्यांत या मुंबईकर गृहस्थाची लेखणी होती. तो कायदा कॅसलरॉकपर्यंत चाले. त्यापुढे घाट उतरला की पोर्तुगिजांचा अंमल, तो डिसेंबर १९६१ मध्ये संपला. पुढे १९७२ साली संपूर्ण देशासाठी जो वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्यास या मुंबईच्या कायद्याचा चांगला उपयोग झाला.

चिटणीसपद सोडल्यावर विश्रांती घ्यावी, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. संस्थेच्या कपाटांत पक्ष्यांची हजारो कातडी जतन करून ठेवलेली होती. कोणी सिंधमधून पाठविलेली, कोणी ब्रह्मदेशातून, कोणी आपल्या कारवारच्या रानातून. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी आणि तिच्यावर गाव, तारीख, मिळविणाऱ्याचे नाव. हुमायून यांनी एकेक खण उघडून, प्रत्येक पक्ष्याचे पंख, शेपूट, चोच मोजून त्यांची सूची तयार करण्यास घेतली. १९६८ साली तिचा पहिला भाग छापून आला आणि पुढील भाग सुमारे तीन दशके येत राहिले. इतके रुक्ष काम इतक्या निष्ठेने करणारी माणसे विरळाच. अंदमान व निकोबार बेटांवरही ते अनेकदा गेले आणि तेथील पक्ष्यांवर त्यांनी लिहिलेले लेख आजही आधारभूत मानले जातात.

आता आम्ही बेडकांकडे वळतो. वस्तुतः सारा लेख त्यांच्यासाठीच आहे.

बेडकांशी हुमायून यांचे नाते जुने होते. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी राहणारा, रात्री बाहेर पडणारा, सुरकुतलेल्या कातडीचा एक लहान बेडूक शास्त्राला नवीन असल्याचे १९५५ साली भादुरी व कृपलानी या दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केले, आणि त्यास निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी असे नाव दिले. महाबळेश्वरच्या बाजूला सापडलेल्या या बेडकाच्या नावात हुमायून हे नाव कायमचे जडले आहे.

त्याच दशकात आपल्या देशातून एक नवा व्यापार सुरू झाला. फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका इत्यादी देशांत बेडकांच्या मागील पायांचे मांस आवडीने खाल्ले जाते. त्यांच्या स्वतःच्या तळ्यांतील बेडूक संपत आले, तेव्हा त्यांची नजर आशियाकडे वळली. पावसाळी रात्री माणसे हाती प्रखर दिवा व खांद्यावर पोते घेऊन खाचरांत उतरत. दिव्याने डोळे दिपले की बेडूक जागचा हलत नाही; तो उचलावा आणि पोत्यात टाकावा. दलाल ती पोती विकत घेत, कारखान्यांत मागील पाय तोडून ते गोठवले जात, आणि कोचीन, मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून खोकी परदेशी रवाना होत. उरलेले धड तेथेच टाकून दिले जाई, आणि पुष्कळ वेळा ते धड जिवंत असे. हे लिहिताना आमचा हात अडखळतो, पण सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पकडणारे बहुधा हातावर पोट असलेले गरीब लोक होते. त्यांना त्या चार महिन्यांत चार पैसे मिळत, हीही गोष्ट तितकीच सत्य आहे.

देशाला परकीय चलनाची निकड होती, त्यामुळे सरकारी अहवालांत हा व्यापार यशाच्या सदरात मांडला जाई. दरवर्षीचे टन आणि दरवर्षीचे रुपये यांचे कोष्टक तयार होई. १९८१ साली ही निर्यात ४ हजार टनांच्या वर गेली. विद्यार्थिमित्रहो, येथे एक छोटे गणित सोडवून पाहा. एका बेडकाच्या दोन्ही पायांचे वजन ५० ग्रॅम धरले, तर एका किलोस २० बेडूक लागतात. एका टनास २० हजार आणि ४ हजार टनांस ८ कोटी. पाय लहान असतील तर बेडूक त्याहूनही अधिक. हे आठ कोटी एका वर्षाचे झाले.

या सर्व कोष्टकांत एक रकाना मात्र कोठेही नव्हता, आणि हुमायून यांनी बोट ठेवले ते नेमके तेथे. गेले किती ते टनात आणि रुपयांत लिहिलेले आहे. राहिले किती ते कोठे लिहिले आहे? ज्या दुकानदाराला रोजची विक्री ठाऊक आहे पण कोठारातला माल ठाऊक नाही, त्याच्या वहीत शेवटच्या दिवसापर्यंत भरभराटच दिसत राहते. विक्री वाढत आहे म्हणून माल भरपूर असला पाहिजे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे विहीर उपसण्याचा वेग पाहून तिच्यात पाणी किती आहे ते सांगण्यासारखे होय. एका प्रांतातले बेडूक कमी झाले की दलाल शेजारच्या प्रांतात जात, आणि बंदरावरचा आकडा जेथल्या तेथे राही किंवा वाढे. गाव कोरडे पडले तरी देशाचा आकडा ते सांगत नसे.

हुमायून यांचा दुसरा प्रश्न याहून खोल होता. हा बेडूक शेतात करतो काय? त्याच्या पोटात सापडतात ते टोळ, भुंगे, अळ्या, आणि भाताच्या बांधांना भोके पाडणारे खेकडे. आमच्या भागातील शेतकऱ्यांना खेकड्याने फोडलेल्या बांधाचे दुःख सांगावयास नको. जो प्राणी फुकटात रात्रभर राखण करतो त्याला परदेशी धाडायचे, आणि त्याच्या जागी परदेशातून कीटकनाशके विकत आणायची, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा? त्या काळी बेडकांपासून मिळालेले चलन आणि कीटकनाशकांवर खर्ची पडलेले चलन यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ लेख लिहिले गेले. आमच्या मते तो हिशेब इतका सरळ नाही. कीटकनाशकांचा वापर नव्या बियाण्यांमुळे आणि नव्या शेतीपद्धतीमुळेही वाढला, आणि तीच कीटकनाशके बेडकांच्या पिल्लांनाही मारतात. तरीही, बेडकाची किंमत त्याच्या पायांच्या वजनावर ठरविणे हेच मुळात चुकीचे, हा हुमायून यांचा मुद्दा त्यामुळे लंगडा पडत नाही.

त्यांनी या विषयाचा ध्यास घेतला. १९८५ साली संस्थेच्या नियतकालिकात भारतातून होणाऱ्या बेडकांच्या पायांच्या निर्यातीवर त्यांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते.

योगायोग असा की, त्याच वर्षी जगानेही या प्रश्नाची दखल घेतली. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी १९७३ साली वॉशिंग्टन येथे एक करार झाला होता. त्यास त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून साईट्स म्हणतात. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. या कराराची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात नष्ट होण्याच्या मार्गावर असलेले जीव आहेत, त्यांचा व्यापार जवळजवळ बंदच. दुसऱ्यात असे जीव, ज्यांचा व्यापार चालू राहू शकतो, पण निर्यात करणाऱ्या देशाच्या शास्त्रज्ञांनी या निर्यातीने त्या जातीस धोका नाही असे सांगितले पाहिजे. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्यापुरते इतरांचे साहाय्य मागितलेले जीव येतात. आपला मोठा पिवळा बेडूक आणि त्याचा एक हिरवट पाणबेडूक भाऊबंद असे दोघे १९८५ साली दुसऱ्या परिशिष्टात आले.

या दुसऱ्या परिशिष्टाच्या नियमात एक फार अर्थपूर्ण अट आहे. ती जात केवळ जिवंत राहिली म्हणजे भागत नाही. निसर्गात तिचे जे काम आहे, ते करता येईल इतक्या संख्येने ती तिच्या साऱ्या मुलखात टिकली पाहिजे; ती पातळी ढळू लागली, तर निर्यातीस आळा घातला पाहिजे. म्हणजे शेताच्या कोपऱ्यात दहा बेडूक उरले आणि पोथीत त्या जातीचे नाव टिकले, एवढ्याने समाधान मानावयाचे नाही. खेकडे व टोळ आवरण्याइतके बेडूक खाचरात हवेत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने शेताच्या बांधावरून जो प्रश्न विचारला होता, तोच या करारात कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे, हे पाहून आम्हास कौतुक वाटते.

असे मोजमाप करावयाचे तरी कसे? बेडूक काही शाळेतल्या मुलांप्रमाणे हजेरीस उभे राहत नाहीत. परंतु उपाय आहेत. ठरलेल्या बांधावरून, ठरलेल्या वेळी, पावसानंतर तितक्याच दिवसांनी चालत जावे आणि दिसलेले बेडूक मोजावे; पुढील वर्षी तेच करावे. एका रात्री किती दिसले याला फारसा अर्थ नाही, दहा वर्षांच्या रात्री शेजारी ठेवल्या की अर्थ दिसू लागतो. व्यापार चालू असेल तर आणखी खुणा मिळतात. पूर्वी एक माणूस एका रात्रीत एक पोते भरीत असे, आता अर्धे भरते काय? पूर्वी गावाबाहेर बेडूक मिळत, आता दहा मैल जावे लागते काय? खोक्यातील पाय वर्षागणिक लहान होत चालले आहेत काय? मोठे, वयात आलेले बेडूक आधी संपतात, म्हणून पायांचा आकार हे मोठे बोलके माप आहे. आमच्या नववीच्या मुलांना यातील पहिला प्रयोग अवश्य करता येईल. त्यासाठी वही, पेन्सील आणि बॅटरी पुरे; बेडकास हात लावण्याचे कारण नाही.

सरकारपुढे तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे देशभर अशी मोजणी करून किती बेडूक सुखाने काढता येतील ते ठरवायचे आणि तेवढेच जाऊ द्यायचे. दुसरी म्हणजे निर्यात थांबवायची. कोठारातला माल कोणालाच ठाऊक नसताना पहिल्या वाटेने जाणे अवघड होते. हुमायून यांच्याप्रमाणेच इतरही अनेक शास्त्रज्ञ व भूतदयावादी मंडळी आवाज उठवीत होती. अखेर १९८७ साली भारताने बेडकांच्या पायांची निर्यात पूर्णपणे बंद केली.

कथा येथे संपली असती तर बरे झाले असते. भारताने दार लावले तेव्हा गिऱ्हाईक बांगलादेशाकडे आणि इंडोनेशियाकडे वळले. काही वर्षांतच बांगलादेशानेही निर्यात थांबविली. मग भार बहुतांशी इंडोनेशियावर पडला, आणि गेली कित्येक वर्षे युरोपच्या बाजारातील पायांचा मोठा हिस्सा तेथून येतो. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दुकानांतील अशा पायांची आनुवंशिक द्रव्यावरून तपासणी केली, तेव्हा वेष्टनावर एका जातीचे नाव आणि आत जवळजवळ सर्व पाय दुसऱ्याच जातीचे, असा प्रकार आढळला. नावच चुकीचे असेल, तर कोणत्या जातीचे किती गेले याची नोंद तरी खरी कशी म्हणावी? एका देशाने मोजण्याऐवजी बंदी घातली, म्हणून तेथले बेडूक वाचले. परंतु जगाच्या वहीतील तो रिकामा रकाना अजून भरलेला नाही. आपल्याकडेही सारे आलबेल आहे असे नाही. शेजारच्या गोव्यात पहिल्या पावसात बेडूक चोरून पकडले जातात आणि काही खाणावळींत जंपिंग चिकन या नावाखाली ताटात येतात. त्यांच्या रक्षणासाठी वनखात्याची माणसे पावसाळी रात्री गस्त घालतात.

हुमायून यांचे अखेरचे दिवस कामातच गेले. १९९८ साली एक गमतीची घटना घडली. १९६६ साली मोठ्या निकोबार बेटावर त्यांनी एक लहानसे घुबड मिळविले होते. ते इतर पक्ष्यांप्रमाणे कपाटाच्या खणात, पायाला चिठ्ठी बांधलेले, तीस वर्षे पडून होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ते तपासले आणि ती घुबडाची अगदी नवी जात असल्याचे सिद्ध केले. चिठ्ठीवर स्थळ आणि तारीख स्वच्छ लिहिलेली होती, म्हणूनच हे शक्य झाले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हुमायून यांना हे पाहावयास मिळाले.

३ जून २००१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पाऊस अजून यावयाचा होता. त्यांच्या नावाचा तो सुरकुतलेला बेडूक पावसाळा लागला की आजही सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी रात्री साद घालतो. पाण्यावर झुकलेल्या पानांवर किंवा खडकांवर मादी अंडी घालते, आणि डोळे फुटलेली पिल्ले तेथून टपटप खालच्या प्रवाहात पडतात.